खिडकी बदलण्यापूर्वी तिचा इतिहास पाहा

जुन्या घराची लाकडी खिडकी काढून दुहेरी काचेची बसवली की वीज वाचते, असा सरसकट समज आहे. भारतातील खिडकीचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

जयपूरचा हवामहाल १७९९ साली उभा राहिला. त्याच्या ९५३ झरोक्यांची नक्षीदार जाळी ऊन अडवते आणि वारा आत सोडते. १९५० च्या दशकात ल कॉर्बुझिए यांनी चंडीगडमध्ये काचेबाहेर काँक्रीटच्या ऊनरोधक पट्ट्या योजल्या. तत्त्व तेच होते: ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच अडवावे. कारण काचेतून आत आलेले ऊन जमीन व भिंती तापवते आणि त्यांची उष्णता काच सहजी बाहेर जाऊ देत नाही.

१९५९ साली पिल्किंग्टन कंपनीने ‘फ्लोट’ काचेची पद्धत जाहीर केली. सपाट, मोठी काच स्वस्त झाली आणि सावलीचे शहाणपण मागे पडले. पुढे २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, २००७ ची व्यावसायिक इमारतींची संहिता आणि २०१८ ची निवासी इमारतींसाठीची ‘इको निवास संहिता’ आली. या शेवटच्या संहितेनुसार, थंड प्रदेश वगळता, भिंती-खिडक्यांतून घरात येणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा अधिक नसावी. उष्ण-दमट प्रदेशात उघडता येणारे क्षेत्र चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के हवे. ही संहिता नव्या इमारतींसाठी असली, तरी तिचे निकष जुन्या घरालाही मार्गदर्शक ठरतात.

म्हणून खिडकी निवडताना दोन आकडे वेगळे वाचावेत. यू-मूल्य हे आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकामुळे होणारे उष्णतावहन दाखवते. साध्या एकेरी काचेचे ते सुमारे ५.७, तर दुहेरीचे जवळपास निम्मे असते. सौर उष्णता गुणांक हा उन्हाचा किती वाटा आत येतो ते सांगतो. तो एकेरी काचेत सुमारे ०.८ आणि साध्या दुहेरी काचेतही ०.७ च्या आसपास राहतो. म्हणजे चेन्नईत पश्चिमेच्या उन्हाला केवळ दुसरी काच रोखत नाही. तिथे कमी गुणांकाची काच आणि बाहेरची सावली हवी. लेहमध्ये उलट, दक्षिणेचे ऊन आत घेणारी दुहेरी काच उपकारक ठरते.

आणखी एक गोष्ट. जुनी झडपांची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. दोन तावदानांची सरकती खिडकी फार तर निम्मी. हा बदल करताना वारा निम्मा होतो आणि वातानुकूलन यंत्राची गरज वाढू शकते. तेव्हा छज्जा तोडण्याआधी आणि झडपा भंगारात देण्याआधी खिडकीची दिशा व आपले हवामान अवश्य पाहावे.