उभ्या गाडीचा कायदा

जुन्या गाडीची ओळख पटवायची आरटीओतली रीत साधी आहे. चासीवर कोरलेल्या नंबरावर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल आडवी घासायची, की आकडे कागदावर उमटतात. रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या डोलवीत मात्र हे काम दिसतं तितकं सोपं नाही. शेजारून अंबा नदी वाहते, पुढे धरमतरची खाडी, मध्ये खारजमीन आणि वर्षातले चार महिने धो धो पाऊस. ताडपत्रीखाली दहा वर्षं उभ्या राहिलेल्या फियाटला या हवेत गंजाचे पापुद्रे सुटतात. पत्रा टिकला तरी आकडे पुसट होतात, आणि आकडे गेले की अंगणातली गाडी आणि कागदावरची गाडी एकच आहे हे सांगणारा पुरावाच जातो.

रस्त्यावर न येणाऱ्या गाडीशी सरकारचा संबंध काय, हा प्रश्न मोटारींइतकाच जुना आहे. मुंबई इलाख्यात मोटारींसाठी पहिला कायदा झाला १९०४ साली. १९१४ चा कायदा सगळ्या हिंदुस्थानसाठी होता, आणि त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली. त्याच कायद्यातलं त्रयस्थ व्यक्तीच्या विम्याचं प्रकरण मात्र १ जुलै १९४६ पासून अमलात आलं. म्हणजे आधी नंबर आला, मग कर आला, आणि विमा सर्वांत शेवटी. तिघांची वाट वेगळी, म्हणून उभ्या गाडीकडे पाहण्याची तिघांची नजरही वेगळी राहिली.

करापासून सुरुवात करू. १९५८ चा मुंबई मोटार वाहन कर कायदा ‘वापरलेल्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या’ गाडीवर कर लावतो. ‘ठेवलेल्या’ या एका शब्दात सगळी मेख आहे. नोंदणीचा कागद चालू आहे ना, मग गाडी वापरात आहे असंच कायदा धरून चालतो. नसेल तर मालकाने आरटीओला कळवायचं आणि ना-वापराचा दाखला घ्यायचा. ट्रकमालकांना हा ‘नॉन-यूज’ चांगला ठाऊक असतो, कारण पावसाळ्यात धंदा बसला की तोच आधार. खासगी गाड्यांना पुढे एकरकमी कर लागू झाला, तेव्हा घरच्या फियाटपुरता हा विषय मागे पडला.

‘ठेवलेल्या’ या शब्दाची हद्द सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केली, आणि तो खटला डोलवीकरांना परका वाटू नये. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातल्या बंदिस्त आवारात ३६ गाड्या काम करत होत्या आणि आंध्र सरकारने त्यांच्यावर कर मागितला होता. जिथे लोकांना मुक्त प्रवेश नाही ते आवार सार्वजनिक जागा नव्हे, तिथेच वापरलेल्या गाडीवर त्या काळापुरता कर नाही, असा निकाल लागला. डोलवीचा पोलाद कारखाना आधी इस्पातचा होता, २०१० नंतर जेएसडब्ल्यूचा झाला. अशा कारखान्याच्या भिंतीआड धावणारी वाहनं गावाने नव्वदच्या दशकापासून पाहिली आहेत. खटला आंध्रच्या कायद्याखालचा असला तरी त्यातलं तत्त्व आपल्याकडे समजून घेण्यासारखं आहे.

विम्याचा कायदाही ‘सार्वजनिक जागा’ याच शब्दांभोवती फिरतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १४६ वं कलम सार्वजनिक जागी गाडी वापरण्यासाठी विमा सक्तीचा करतं. पडवीत उभ्या असलेल्या गाडीला ती सक्ती नाही. पण तीच गाडी ढकलत ढकलत हायवेच्या गॅरेजपर्यंत न्यायची म्हटली, तरी विम्याशिवाय बाहेर काढू नये. रस्त्यावर कुणाला लागलं तर भरपाईचा बोजा थेट मालकावर येतो.

विम्याच्या पुस्तकात उभ्या गाडीला जागा आहे, हे मात्र फार थोड्या मालकांना माहीत असतं. २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफमध्ये गॅरेजमध्ये ठेवलेल्या, वापरात नसलेल्या गाडीसाठी खास जोड कलमं होती. अपघाताची जोखीम तेवढ्या काळापुरती थांबते, पण आग, वीज, चोरी, वादळ, पूर आणि भूकंप यांचं संरक्षण चालू राहतं. पेण तालुक्यात यातल्या ‘पूर’ या शब्दाचं वजन वेगळं सांगायला नको. २४ जुलै १९८९ ला याच अंबा नदीने जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं. २६ जुलै २००५ चा पाऊसही रायगड विसरलेला नाही. इथे उभी गाडी धावत्या गाडीइतकीच धोक्यात असते.

त्याच टॅरिफने ‘व्हिंटेज’ची व्याख्याही केली होती: ३१ डिसेंबर १९४० पूर्वी तयार झालेली आणि मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली मोटार. अशा मोटारीची किंमत आधी ठरवून तेवढीच भरपाई देणारी पॉलिसीही मिळे. १९४१ ची गाडी असेल तर ती विम्याच्या दृष्टीने निव्वळ जुनी गाडी.

खरी अडचण नोंदणीची आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये झालं आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये जादा लागू लागले. दहा वर्षं गाडी अंगणात विसरली, तर हिशेबाने ६०,००० रुपये उशिराचेच होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारीचं शुल्क १०,००० रुपयांवर गेलं. मीटर चालूच राहतं. शेवटी मालक हात टेकतो आणि भंगारवाल्याला फोन करतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने या कोंडीत एक दार उघडलं. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार नसलेली दुचाकी किंवा मोटार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. जुना नंबर असेल तर तो तसाच ठेवता येतो. नवा घेतला तर त्यात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये. अर्जासोबत विमा हवाच. रोजच्या वापराला किंवा धंद्याला गाडी काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, इतक्याच कारणांसाठी रस्ता मोकळा.

वर्षभर जपायची आणि मानाच्या दिवशी बाहेर काढायची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक मोटार दसऱ्याला सोनं लुटायला दसरा चौकात येते, तेव्हा ती पाहायला माणसं आधीपासून जागा धरून असतात.

पण आता पन्नाशी गाठणाऱ्या गाड्या राजवाड्यातल्या नाहीत. बजाज चेतक १९७२ ला आली, म्हणजे पहिल्या चेतक २०२२ मध्येच पन्नास वर्षांच्या झाल्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या सत्तरच्या दशकातल्या फियाट त्याच उंबरठ्यावर आहेत. त्याच प्रीमियरची मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपताच ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली.

व्हिंटेजच्या या नियमात एक मोठी उणीव आहे. तो दुचाकी आणि प्रवासी मोटारीपुरताच आहे. ट्रक, बस आणि तीनचाकी मालवाहू गाड्या त्यात बसत नाहीत. ‘टेम्पो’ हा शब्द ज्या गाडीने मराठीला दिला, ती बजाज टेम्पोची तीनचाकी कितीही जपली तरी व्हिंटेज ठरत नाही. कोकणातला भात, मीठ आणि मासळी ज्या वाहनांनी वाहिली, त्यांना वगळून वाहनांचा वारसा सांगणं अन्यायाचं आहे.

दुसरी उणीव मधल्या ३५ वर्षांची. गाडी १५ वर्षांची झाल्यापासून ५० होईपर्यंत तिला ‘उभी’ म्हणून नोंदवण्याची सोपी सोय खासगी मालकाला नाही. ब्रिटनमध्ये १९९८ पासून गाडी रस्त्यावर नाही असं रीतसर कळवता येतं. त्या काळात कर नाही, विम्याची सक्तीही नाही. जर्मनीत ३० वर्षांच्या गाडीला १९९७ पासून ऐतिहासिक नंबरपट्टी मिळते. तशी सोय महाराष्ट्रात झाली, तर कितीतरी गाड्या भंगारात जाण्यापासून वाचतील.

तोवर डोलवी, गडब, वडखळच्या घरांतून ज्यांच्याकडे अशी गाडी असेल, त्यांनी ती विकण्याआधी एक काम करावं: कपाटातलं आरसी पुस्तक शोधावं. १९८१ पूर्वीचं असेल तर पत्त्यात जिल्हा रायगड नसेल, कुलाबा असेल. नंबरही एमएच ०६ चा नसेल, कारण ही मालिका १९८९ नंतरची. त्यावरची पहिल्या नोंदणीची तारीख पाहावी, त्यात ५० वर्षं मिळवावीत, आणि चासी नंबरावर ग्रीसचा जाड हात फिरवून ठेवावा.