पाच नोव्हेंबर, पारिहाका आणि 1882 चे दोन कायदे

मंडळी, 2 ते 5 नोव्हेंबर एवढेच चार दिवस इथे दुकानात फटाके मिळतात, आणि आपण दिवाळीचेही तेव्हाच भरून ठेवतो. मुलं गाय फॉक्सची गोष्ट ऐकून येतात. त्याच तारखेची तारानाकीची गोष्ट आईबाबांना माहीत हवी.

सरकारने माओरींची जमीन जप्त करून मोजणी सुरू केली, तेव्हा पारिहाका गावच्या ते फिती आणि तोहू यांनी शस्त्र उचललं नाही. त्यांची माणसं त्या जमिनीत नांगर घालायची, मोडलेली कुंपणं परत उभी करायची आणि मुकाट अटक करून घ्यायची. (गांधीजी तेव्हा शाळेत होते.) 1879 पासून चारशेहून जास्त लोक दक्षिण बेटावरच्या तुरुंगांत गेले. कित्येकांचा खटला चाललाच नाही, कारण संसदेनेच कायदे करून तो लांबवला.

5 नोव्हेंबर 1881 ला मंत्री जॉन ब्राइस सुमारे 1600 सशस्त्र माणसं घेऊन आला. समोर कोण? गाणी म्हणणारी, दोरीवरच्या उड्या मारणारी पोरं. दोन्ही पुढाऱ्यांना पकडलं, सुमारे 1600 लोकांना हुसकलं, घरं पाडली, पिकं उपटली. बायकांवर बलात्कार झाले.

पुढच्या वर्षी दोन कायदे आले. पहिला म्हणे, ते फिती आणि तोहूंवर खटला चालवायचा नाही, नुसतं डांबून ठेवायचं. दुसरा इन्डेम्निटी ॲक्ट: या कारवाईत ज्यांनी जे केलं, त्याबद्दल त्यांना कोर्टात खेचता येणार नाही. म्हणजे कैद्याला स्वतःची बाजू मांडायला कोर्ट नाही, आणि सुटल्यावर दाद मागायलाही नाही. सगळं कायदेशीरच होतं तर हे कवच कशाला लागलं, हा प्रश्न मला तरी पडतो.

आपल्याकडे वेगळं नव्हतं. 1897 मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना 1827 च्या रेग्युलेशनखाली असंच विनाखटला डांबलं. 1919 मध्ये पंजाबातल्या लष्करी कायद्यानंतर अधिकाऱ्यांसाठी आणलेल्या कायद्याचं नावही इन्डेम्निटी ॲक्टच.

गंमत बघा, ब्राइसला मात्र कोर्ट उघडं होतं. 1868 च्या दुसऱ्या एका प्रसंगाबद्दल लिहिणाऱ्या रस्डेन या इतिहासकारावर त्याने लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला आणि 1886 मध्ये 5000 पौंड भरपाई मिळवली.

ते फिती आणि तोहू 1883 मध्ये सुटले. सरकारने पारिहाकाची माफी मागितली ती 9 जून 2017 ला, बलात्कारांची कबुली देऊन. लहानांना दोरीच्या उड्यांपर्यंतच सांगा. हायस्कूलमधल्यांना 1882 चे ते दोन्ही कायदे शोधून वाचायला सांगा.