कल्याण परिसरातील विद्युत् विच्छेदन आणि हायड्रोजनचा प्रश्न

विद्युत् विच्छेदनाने हायड्रोजन मिळविणे ही गोष्ट ठाणे जिल्ह्याला नवी नाही. कल्याणजवळ मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा आणि शहाड येथे सेंच्युरी रेयॉनचा असे दोन मोठे कारखाने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात उभे राहिले. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवावयाचा, कार्बन डायसल्फाइडच्या क्रियेने त्याचे व्हिस्कोज करावयाचे आणि आम्लाच्या कुंडात त्याचा धागा काढावयाचा, ही रेयॉनची पद्धती होय. सोड्याची गरज इतकी मोठी की त्याची निर्मितीही या कारखान्यांनी कालांतराने स्वतःच हाती घेतली.

मिठवणीतून वीज सोडली असता एक टन कॉस्टिक सोड्यामागे सुमारे ८८६ किलोग्रॅम क्लोरीन आणि २५ किलोग्रॅम हायड्रोजन बाहेर पडतो. या हायड्रोजनचे स्थान नेहमीच दुय्यम राहिले. सोड्याला मागणी असेल तेवढाच तो निघणार. २००९ साली मोहन्याचा कारखाना बंद पडला; अशा वेळी मुख्य पदार्थाबरोबर उपपदार्थाचाही इतिहास संपतो.

हायड्रोजन हाच मुख्य पदार्थ मानला की हिशेब बदलतो, कारण मग विजेचा सारा खर्च त्याच्यावरच पडतो. २५° सेल्सिअस तापमानाच्या पाण्यातून एक किलोग्रॅम हायड्रोजन मिळविण्यास सुमारे ३९ युनिट ऊर्जा लागते. तीपैकी किमान ३३ युनिट विजेच्याच रूपाने द्यावी लागते. पाण्याऐवजी ८००° तापमानाची वाफ घेतल्यास विजेचा हा किमान वाटा २६ युनिटांवर येतो. उरलेले काम उष्णता करते. औष्णिक वीजगृहात इंधनाच्या उष्णतेचा निम्म्याहून अधिक भाग वाया जातो, हे ध्यानी घेतले म्हणजे उष्णतेचे काम विजेकडून करवून घेण्यातील उधळपट्टी स्पष्ट होते.

इतक्या तापमानाला द्रावणाचा उपयोग नाही. तेथे घन पदार्थच हवा. नेर्न्स्टने १८९७ साली आपल्या दिव्यासाठी यिट्रियामिश्रित झिर्कोनिया वापरला. तापविल्यावर त्यातून ऑक्सिजनचे आयन वाहतात. १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये बाऊर व प्राइस यांनी अशाच पदार्थाचा इंधन-घट केला. त्याच घटाची क्रिया उलटविली की ऋणाग्राशी वाफेचे विघटन होते, ऑक्सिजन झिर्कोनियातून पलीकडे जातो आणि हायड्रोजन अलीकडे राहतो.

महाराष्ट्रात या विद्येचा औद्योगिक संबंध आला तो बॉयलर बांधणाऱ्यांकडून, हे अर्थपूर्ण आहे. पुण्याच्या थर्मॅक्सने २०२४ साली ब्रिटनच्या सेरिस या कंपनीशी अशा विच्छेदक घटांच्या निर्मितीसाठी परवाना-करार केला. अडचणी अर्थातच आहेत. वारंवार तापविण्या-थंडावण्याने सिरॅमिकला तडे जातात, आणि दीर्घ वापराने घटाची कार्यक्षमता घटते. म्हणून ही पद्धती जेथे वीज व वाफ अहोरात्र उपलब्ध असेल तेथेच शोभते.

रात्रंदिवस चालणाऱ्या रेयॉन-गिरणीत नेमकी हीच परिस्थिती असते. बॉयलर आणि विद्युत् घट तेथे एकाच आवारात नांदले, परंतु दोघांचे काम वेगवेगळे राहिले. त्यांना एका कामी जुंपणे हाच उच्चतापी विच्छेदनाचा अर्थ होय. कल्याणच्या औद्योगिक इतिहासाकडे केवळ वस्त्रोद्योगाचा इतिहास म्हणून पाहिल्यास हे सूत्र हातातून निसटते.