कमी खर्चात पारंपरिक पोशाख : धोतर, फेटा आणि नऊवारी कशी जमवावी

घरात लग्न ठरले, पाडव्याची शोभायात्रा निघाली किंवा पोरगा ढोलपथकात गेला की एकच प्रश्न येतो. पोशाख तर हवा, पण त्यावर किती पैसा घालायचा? बोरगाव, सौसर आणि पांढुर्ण्याच्या पट्ट्यात बहुतेक घरे शेतीवर, संत्र्याच्या बागेवर किंवा औद्योगिक क्षेत्रातल्या पगारावर चालतात. नवरदेवापासून करवलीपर्यंत सगळ्यांचा पूर्ण साज दुकानातून एकदम उचलायचा म्हटले तर एका हंगामाची शिल्लक त्यात जाते. आणि खर्च झेपत नाही म्हणून काही घरे कार्यक्रमालाच येणे टाळतात. ते होऊ नये, यासाठी ही माहिती.

सुरुवातीला एक गोष्ट मनात पक्की करावी. पारंपरिक पोशाख हा एकदम विकत घ्यायचा संच नाही. आपल्या आजोबांच्या पिढीतही तो तसा नव्हता. धोतर घरचे, कोट भावाचा, फेटा मामाने बांधलेला आणि उपरणे आहेरात आलेले, असाच तो जमत असे. स्कॉटलंडच्या लोकांचेही असेच आहे. त्यांच्या समारंभी किल्टला आठ वार लोकरी कापड लागते आणि तो चांगलाच महाग पडतो. म्हणून तिथली कितीतरी कुटुंबे किल्ट वडिलांकडून मुलाकडे चालवतात, जुना विकत घेतात किंवा लग्नापुरता भाड्याने आणतात. आपले लुगडे त्याहून एक वार लांबच आहे, तेव्हा आपण लाजण्याचे कारण नाही.

आधी घर तपासा

दुकानात जाण्यापूर्वी घरातल्या आणि नात्यातल्या ट्रंका उघडाव्यात. आजीचे नऊवारी, आजोबांचे जरीकाठी धोतर, लग्नातले रेशमी उपरणे, शेला, जुना बंद गळ्याचा कोट. एवढे चार-पाच जिन्नस तीन-चार घरांत मिळून हमखास सापडतात. विचारायला संकोच वाटतो हे खरे, पण मागितले की काकू-आत्या बहुतेक वेळा आनंदाने देतात. त्यांच्याही ट्रंकेत ते कापड वर्षानुवर्षे पडूनच असते.

जुने रेशीम हातात घेताना घडीची रेघ आधी पाहावी. वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवलेले रेशीम त्या रेघेवर चिरते, आणि नेसताना ताण आला की फाटते. उजेडासमोर धरले तर विरलेली जागा लगेच दिसते. असे लुगडे नेसण्याऐवजी त्याचा पदर किंवा काठ शेल्यासाठी, खणाच्या चोळीसोबत किंवा लहान मुलीच्या परकराला वापरता येतो. धडधाकट नऊवारी मात्र कापून 'शिवलेली नऊवारी' करून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अखंड लुगडे तीन पिढ्या, जाड-बारीक, उंच-ठेंगण्या सगळ्या बायकांना होते. एकदा शिवले की ते एकीच्याच मापाचे राहते.

धोतर

पुरुषांच्या पोशाखात पैसे घालायचेच असतील तर धोतरावर घालावेत, कारण तेच सगळ्यात जास्त वापरले जाते. पूजा, लग्न, वारी, शोभायात्रा, सगळीकडे तेच. साधे सुती गिरणीचे धोतर काही शेकड्यांत मिळते. घेताना लांबीपेक्षा पन्हा बघावा. उंच माणसाने कमी पन्ह्याचे धोतर घेतले तर ते नडगीवर येते आणि मग कितीही भारी असले तरी पोरकट दिसते. कमरेपासून घोट्यापर्यंतचे माप घरूनच घेऊन जावे आणि दुकानात पन्हा फुटपट्टीने मोजून घ्यावा. सुती धोतर पहिल्या धुण्यात थोडे आटते, त्याची दोन बोटे धरावीत.

जरीकाठी आणि रेशमी धोतराचा मोह नवरदेवाच्या घरी होतोच. पण दुरून पाहणाऱ्याला काठ दिसतो, पोत दिसत नाही. चांगल्या सुती धोतराला रुंद काठ असला आणि ते कडक इस्त्रीचे असले की मांडवात ते रेशमापेक्षा कमी दिसत नाही. उन्हाळ्यातल्या दुपारच्या मुहूर्ताला तर सुतीच बरे. वैशाखातली आपल्याकडची दुपार काय असते ते सांगायला नको.

इलास्टिकचे शिवलेले धोतर लहान मुलांना ठीक आहे. मोठ्यांनी नेसायला शिकून घ्यावे. मध्यभाग कमरेला, समोर गाठ, एका टोकाच्या निऱ्या पुढे आणि दुसऱ्याचा कासोटा मागे. दोन संध्याकाळ घरच्या वडीलधाऱ्यांकडे बसले की जमते. शिकणे फुकट आहे, आणि शिवलेल्या धोतराचे पैसेही वाचतात.

वरचा भाग

इथे बचत करणे सगळ्यात सोपे. पांढरा किंवा मोतिया रंगाचा सुती सदरा प्रत्येक घरात असतोच. त्यावर बंडी किंवा उपरणे घेतले की पोशाख पूर्ण. बाराबंदी हवी असेल तर विकत न घेता शिवून घ्यावी. बारा बंदांनी बांधायची म्हणून तिला ते नाव, आणि बंदांमुळेच ती माप थोडे कमी-जास्त असले तरी चालते. अडीच-तीन मीटर सुती कापडात मोठ्या माणसाची होते. बंदांसाठी उरलेल्या चिंध्याही पुरतात.

लग्नात सूट घालायचा की धोतर, यावरून घरोघरी वाद होतात. बोरगावात १९९१ पासून रेमंडची कापडगिरणी आहे, त्यामुळे सुटाचे कापड आपल्याला नवे नाही. पण दोन्ही हट्ट एकाच लग्नात पुरवले की खर्च दुप्पट होतो. बंद गळ्याचा काळा किंवा गडद कोट धोतरावरही शोभतो आणि पँटवरही. जुन्या फोटोंत आपल्या आजोबा-पणजोबांचा तोच थाट दिसतो. असा एकच कोट नीट मापाचा शिवला तर लग्नाच्या दोन्ही वेळा भागतात आणि पुढची पंधरा वर्षेही तो चालतो.

फेटा

फेट्याला साडेतीन ते सहा मीटर लांब आणि साधारण एक मीटर रुंद कापड लागते. तयार बांधलेला फेटा आणि नुसते कापड यांच्या किमतीत बराच फरक असतो. तो फरक म्हणजे बांधणाऱ्याची मजुरी आणि आतली टोपी. बांधता येणारा एक माणूस घरात असेल तर ती मजुरी वाचते. मलमल किंवा वॉईलचे पातळ सुती कापड सगळ्यात चांगले बसते. सॅटिनचा फेटा चमकतो खरा, पण घसरतो आणि डोक्याला घाम आणतो.

बांधण्याआधी कापडाला हलकी खळ द्यावी. भाताची पेज किंवा साबुदाण्याचे पाणी पुरते. फेटा शेमल्यासह आधी गुडघ्यावर बांधून पाहावा, म्हणजे वळ्या सारख्या करता येतात. एकाच बांधणाऱ्यावर वीस फेटे सोपवले की वरात निघायला तासभर उशीर होतो, म्हणून आदल्या रात्री अर्धे बांधून ठेवावेत. टोपीवर टाक्यांनी पक्के केलेले फेटे वर्षभरही टिकतात, मात्र धुता येत नाहीत. सगळ्या पाहुण्यांना फेटे देण्यापेक्षा जवळच्या माणसांना फेटा आणि बाकीच्यांना दुपट्टा-टोपी ही आपल्याकडची जुनी रीत खर्चाला आणि मानाला, दोन्हींना परवडते.

नऊवारी आणि सहावारी

खर्चाचा खरा डोंगर इथे आहे, आणि फसवणूकही इथेच जास्त. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. सुती नऊवारी किंवा यंत्रमागावरची सेमी पैठणी हजार-दोन हजारांच्या आसपास मिळते. येवला-पैठणची हातमागाची अस्सल पैठणी त्याच्या कितीतरी पट जाते आणि भारी कामाची असेल तर लाखांतही. दोन्हींचे दुकानात नाव मात्र 'पैठणी'च.

ओळखायचे असेल तर साडी उलटी करावी. अस्सल पैठणीचा पदर आणि काठ मागूनही पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा तिथल्या तिथे अडकवून विणलेला असतो. मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसले तर ती यंत्रमागाची. यात वाईट काही नाही, फक्त हातमागाचा भाव देऊ नये. रेशमाची खात्री करायला काठाजवळचा एखादा सुटा धागा जाळून पाहावा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, तर पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. सिल्क मार्क आणि हँडलूम मार्कच्या चिठ्ठ्याही पाहाव्यात.

पैठणीच हवी असा हट्ट का, हाही प्रश्न आहे. विदर्भाचे आपले स्वतःचे वस्त्र आहे. टसरच्या अंगाची, करवतीच्या दात्यांसारख्या काठाची करवत काठी साडी नागपूर-भंडाऱ्याकडचे विणकर विणतात आणि तिला भौगोलिक मानांकनही आहे. छिंदवाडा जिल्हा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी नागपूरऐवजी भोपाळ झाली, पण आपला कपड्याचा बाजार काही नागपूरहून हलला नाही. तेव्हा घरात एकच चांगली साडी घ्यायची असेल तर तिचाही विचार करावा.

शिवलेल्या नऊवारीबद्दल आणखी एक हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या नगाला अडीच हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. साडी कापडात मोडते, म्हणून ती कितीही महाग असली तरी ५ टक्केच. भारी कापडाची तयार नऊवारी घेण्यापेक्षा साडी वेगळी घेऊन गावातल्या शिंपीणबाईंकडून शिवून घेतली तर पैसे वाचतात आणि ते गावातच राहतात. मुलींसाठी तर घरातल्या सहावारीचाच काष्टा लेगिंगवर नेसवता येतो. नाच-लेझीम असेल तर पिना थोड्या जास्त लावाव्यात, एवढेच.

दागिने आणि पायताण

दागिन्यांत सोने आणि शोभा वेगळी ठेवावी. नथ, ठुशी, बोरमाळ, बाजूबंद हे बेन्टेक्सचे चांगले मिळतात आणि फोटोत फरक कळत नाही. मोत्याची नथ मात्र हलकी बघून घ्यावी, जड नथेने नाक दुखते आणि मुलगी ती तासाभरात काढून ठेवते. बांगड्या काचेच्याच हव्यात, आणि त्या स्वस्तच असतात.

कोल्हापुरी चपलेवर सगळ्यात शेवटी खर्च करावा. मांडवात आणि पूजेत ती काढूनच ठेवायची असते. नवी असेल तर आठवडाभर आधी तेल लावून मऊ करावी आणि पावसात घालू नये.

विकत, भाड्याने की मिळून?

वर्षातून एकदाही घालायचे नसेल ते भाड्याने आणावे. बाशिंग, तुरा, शेरवानी, भारी शालू यात येतात. वर्षातून दोनदा लागणारे असेल तर विकत घ्यावे, तीन-चार वेळांत भाड्याचे पैसे फिटतात. भाड्याच्या कपड्याची अनामत आणि डाग पडल्यास काय, हे आधी लिहून घ्यावे. हळदीच्या दिवशी भाड्याचे काहीही अंगावर नको.

नागपूरला गांधीबाग आणि इतवारीच्या ठोक बाजारात एकाच प्रकारचे दहा-बारा नग घेतले तर भाव बराच खाली येतो. चार घरांनी यादी करून एकानेच जावे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की भाव चढतात, म्हणून श्रावण-भाद्रपदातच खरेदी उरकावी.

याहून पुढची सूचना अशी की दहा सुती धोतरे, पंधरा फेट्यांचे कापड, काही बंड्या आणि मुलींच्या पाच-सहा नऊवारी एवढे मंडळाच्या पेटीत असले, तर शोभायात्रेत कोणत्याही घरच्या पोराला मागे राहावे लागणार नाही. नेणाऱ्याने वहीत सही करावी, धुऊन आणि इस्त्री करून आठ दिवसांत परत करावे, आणि रेशमी कपडा असेल तर घरी न धुता तसाच सांगून द्यावा.

पेटीत कापड ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी वापरू नये, रेशीम त्यात कोंदटते आणि जर काळी पडते. जुन्या सुती धोतरात गुंडाळून, वाळलेला कडुनिंबाचा पाला बाजूला ठेवून, दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी. डांबराच्या गोळ्या ठेवल्याच तर त्या जरीला टेकू देऊ नयेत.