नव्वद की शंभर?

फोक्सवॅगनच्या पहिल्या गोल्फचा इतिहास बहुतेक ठिकाणी जुजारोने काढलेल्या रेषांपासून सुरू होतो. मला तो गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या एका चकतीपासून सांगावासा वाटतो. या चकतीवर सहा बोल्ट असतात, आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकाकडे नेणारा ड्राइव्हशाफ्ट (आपल्या गॅरेजांच्या भाषेत ‘एक्सल’) त्यांनीच तिला जोडलेला असतो. साध्या गोल्फमध्ये या जोडाचा व्यास साधारण 90 मिलिमीटर, तर जीटीआयसारख्या दमदार गाड्यांमध्ये 100. फरक जेमतेम एका सेंटिमीटरचा. पण जुन्या गोल्फची जोडतोड करणाऱ्यांच्या दोन पिढ्यांनी भंगारात पडलेल्या गाडीखाली शिरून आधी हाच आकडा मोजलाय.

गोल्फ आली 1974 साली. बीटलचं इंजिन मागे होतं, हवेने थंड होणारं. गोल्फमध्ये सगळंच उलटं झालं: इंजिन पुढे, आडवं, पाण्याने थंड होणारं, आणि ओढायचं काम पुढच्या चाकांकडे. बीटलची विक्री घसरत होती, त्यामुळे कंपनीचं भवितव्य या एका गाडीवर टांगलेलं होतं. त्याच सुमाराला कंपनीतल्या काही इंजिनीयरांनी फावल्या वेळात एक वेगवान गोल्फ बनवायला घेतली. 1975 साली ती फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ठेवली आणि 1976 मध्ये विकायला काढली. बेत 5000 गाड्यांचा होता. पहिल्या पिढीतच साडेचार लाखांहून जास्त जीटीआय खपल्या.

इथून भानगड सुरू होते. सर्वात स्वस्त गोल्फला पुढेही ड्रम ब्रेक होते. तिच्या वरच्या गाड्यांना 239 मिलिमीटरची भरीव डिस्क मिळाली. जीटीआयची डिस्कही 239चीच, पण जाड आणि मधून पोकळ, म्हणजे वारा खेळून ती लवकर थंड व्हावी. व्यास तोच असला तरी जाडी वेगळी असल्यामुळे जुना कॅलिपर तिच्यावर बसत नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून मला ही गोष्ट फार ओळखीची वाटते. फंक्शनचं नाव तेच असतं, आत काहीतरी वेगळंच चालू असतं, आणि ते कळतं थेट प्रॉडक्शनमध्ये.

1983 साली दुसरी पिढी आली. गाडी वाढली, दोन चाकांमधलं अंतरही वाढलं, त्यामुळे ड्राइव्हशाफ्टही लांब झाले. दुसऱ्या गोल्फचं इंजिन पहिलीत बसवणं हा लोकांचा आवडता खेळ, पण तेव्हा शाफ्ट मात्र पहिलीचेच हवेत, आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी चकती 90ची आहे की 100ची, हे बघून घ्यायला हवं. सुदैवाने चकती काढून दुसरी लावता येते. आणखी एक गंमत म्हणजे या गाडीत गिअरबॉक्स एका बाजूला असल्याने डावा शाफ्ट आखूड आणि उजवा लांब असतो. ताकद वाढली की दोन्ही सारखे पिळले जात नाहीत आणि जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. म्हणून ताकदवान गाड्यांमध्ये लांब शाफ्ट जाड नळीसारखा पोकळ केला, कारण पीळ सोसायला भरीव बारीक सळईपेक्षा जाड नळी बरी.

शाफ्ट चुकला तर गाडी फार तर वळणावर कटकट वाजेल किंवा जागची हलणार नाही. ब्रेक चुकले तर वेगळी गोष्ट होते. ताशी 140 किलोमीटरवरून 180वर गेलात तर वेग तीस टक्केसुद्धा वाढलेला नसतो, पण थांबण्यासाठी उष्णतेत बदलायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. नुसतं इंजिन बदलून ड्रमवर भागवणाऱ्याने हा हिशेब केलेला नसतो. मोठी डिस्क बसवणाऱ्याचंही तिथे संपत नाही. मोठ्या कॅलिपरला जास्त तेल लागतं. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पेडल खोल जातं, आणि फार मोठा लावला तर पेडल दगडासारखं होतं. 256 मिलिमीटरची डिस्क घेतली तर 13 इंची चाकच वर बसत नाही. पुढे-मागे तोल चुकला आणि मागची चाकं आधी लॉक झाली, तर गाडी भिंगरीसारखी फिरते.

उजव्या बाजूने चालवणाऱ्या देशांचं दुखणं तर आणखी वेगळं. पहिली गोल्फ डाव्या स्टिअरिंगसाठी आखलेली. 1979 साली उजव्या स्टिअरिंगची जीटीआय ब्रिटनमध्ये आली तेव्हा पेडल उजवीकडे गेलं, पण बूस्टर आणि मास्टर सिलिंडर डावीकडेच राहिले. मध्ये एक आडवी दांडी टाकली. पायाचा जोर त्या दांडीतून पलीकडे जाताना थोडा दांडीत आणि थोडा ब्रॅकेट वाकण्यात जिरायचा. तिथल्या मालकांच्या तोंडी ब्रेक मऊ असल्याची तक्रार कायमची बसली. कितीही भारी डिस्क लावा, ती दांडी लवचीक असेल तर पायाला कळतंच.

फोक्सवॅगनने स्वतःही हा जोडतोडीचा खेळ केला, आणि सर्वांत जास्त काळ केला तो दक्षिण आफ्रिकेत. युरोपात दुसरी पिढी आल्यावरही उइटेनहागच्या कारखान्याने पहिलीच चालू ठेवली. 1984 पासून तिचं नाव सिटी गोल्फ, जाहिरातीत लाल, पिवळी, निळी. पत्रा सत्तरच्या दशकातला, आत हाताशी येतील ते नवे भाग. 2004 मध्ये तर तिला स्कोडा फाबियावरून घेतलेला डॅशबोर्डसुद्धा मिळाला! शेवटची सिटी गोल्फ बाहेर पडली 2009 साली. त्याच वर्षी आपल्या चाकणमध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि तिथे पोलो बनू लागली. तिचं स्टिअरिंगही उजवीकडेच.