साठ पैशांचा वेताळ

इंद्रजाल कॉमिक्सचे 123 आणि 124 हे दोन अंक कोणाच्याही संग्रहात नाहीत. प्रकाशक असलेल्या टाइम्स ऑफ इंडियातल्या संपामुळे ते छापलेच गेले नाहीत, आणि काम पुन्हा सुरू झाले तेव्हा पुढचा अंक थेट 125 क्रमांकाने निघाला. जुने अंक जमवायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला हे ठाऊक नसते. तो यादी करतो, 122 पर्यंत खुणा करत येतो आणि मग त्या दोन रिकाम्या चौकटींसाठी रद्दीची दुकाने पालथी घालतो.

क्रमांकांची दुसरी अडचण याहून खर्चिक आहे. 443 व्या अंकापर्यंत साधा चढता क्रम आहे. त्यानंतर प्रकाशकांनी पद्धत बदलली आणि खंड 20, अंक 1 असे नव्याने मोजायला घेतले. त्यामुळे जुन्या बंडलात ‘अंक 12’ हाती लागला तर तो साठीच्या दशकातला की ऐंशीच्या, हे खंडाचा आकडा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. दोहोंच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. 1964 ते 1990 या काळात एकूण 803 अंक निघाले, त्यांतले 414 वेताळाचे, म्हणजे फँटमचे. ही मोजदाद प्रकाशकाने केलेली नाही. वाचकांनी अंकाला अंक जुळवून ती उभी केली, आणि आज जुन्या अंकांचा जो काही व्यवहार होतो तो याच यादीच्या आधाराने होतो.

या व्यवहाराचे मूळ शोधायचे तर मार्च 1964 च्या मुंबईत जावे लागते. बेनेट, कोलमन अँड कंपनी ही टाइम्स ऑफ इंडियाची मालक कंपनी. तिने त्या महिन्यात इंद्रजालचा पहिला अंक काढला. इंग्रजी अंकाचे नाव होते ‘द फँटम्स बेल्ट’, किंमत 60 पैसे. ली फॉकचा फँटम अमेरिकी वर्तमानपत्रांत 17 फेब्रुवारी 1936 पासून रोज पट्टीच्या रूपात येत होता. भारतातल्या इंग्रजी वाचकांना तो ‘इलस्ट्रेटेड वीकली’मुळे आधीच ओळखीचा होता. आता मात्र तो स्वतंत्र, रंगीत, हातात मावणाऱ्या पुस्तिकेत आला आणि मराठीत ‘वेताळ’ झाला. पहिले 32 अंक त्याच्याच गोष्टींचे होते. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी आले. मासिकाचे पाक्षिक झाले आणि पाक्षिकाचे साप्ताहिक.

गोष्टी परदेशी असल्या तरी त्या जशाच्या तशा छापल्या गेल्या नाहीत. फॉकच्या मूळ कथेतल्या देशाचे नाव बंगालशी मिळतेजुळते होते, म्हणून इंद्रजालने त्याचे ‘डेंकाली’ केले. ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले. वेताळाच्या बापाला मारणाऱ्याचे नाव ‘रामा’ होते, त्याचे ‘रामालू’ करण्यात आले. पानाच्या मापात बसवण्यासाठी पट्टीतल्या चौकटी कापल्या गेल्या. कव्हर तर इथेच रंगवले जाई. गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवलेली कव्हरे हा इंद्रजालचा खरा ठेवा आहे. अमेरिकेतल्या संग्राहकालाही ती चित्रे दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. डिसेंबर 1976 मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आला, तोही ब्राह्मणियांच्याच कुंचल्यातून. भगवा कुर्ता, जीन पँट, दरोडेखोराचा मुलगा आणि गावाचे रक्षण करणारे नागरिकांचे दल, अशी त्याची मांडणी होती. ‘द रेड ब्रिक्स हाउस’ हा त्याचा पहिला अंक. वेताळाच्या आरंभीच्या अंकांइतकीच त्यालाही मागणी असते आणि ती रास्तच आहे, कारण तो इथल्या मातीतला नायक आहे.

साठ पैशांच्या त्या पुस्तिकेला आज हजारो रुपये का मोजले जातात? लाखो वाचकांनी ती वाचली म्हणून नव्हे, तर वाचून झाल्यावर टाकून दिली म्हणून. दुर्मीळपणा छापखान्यात तयार झाला नाही, तो रद्दीच्या तराजूवर तयार झाला. मे महिन्यात घराची आवराआवर निघाली की कॉमिक्सचा गठ्ठा किलोवर जाई. वाण्याच्या पुड्या व्हायच्या, जूनमध्ये वह्यांना कव्हरे चढायची. कॉमिक वाचणे म्हणजे अभ्यासाची नासाडी, असे मानणारी घरे पुष्कळ होती. तिथे अंक लपवूनच ठेवावा लागे, आणि लपवलेला अंक गादीखाली किंवा धान्याच्या कोठीमागे चुरगळून जाई.

परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठसारख्या गावात तर अंक पोचणेच अवघड. गावाला रेल्वे नाही. गाडी धरायची तर परळी नाहीतर गंगाखेड गाठायचे. नियतकालिकांचे स्टॉल असत ते स्टेशनवर आणि मोठ्या एसटी स्टँडवर. त्यामुळे अशा गावात कॉमिक यायचे ते बहुधा कोणाच्या तरी पिशवीतून: परभणीला शिकणारा थोरला भाऊ, सुट्टीत येणारा मामा. एका प्रतीवर आळीतली सगळी पोरे. मालकाचे नाव पहिल्या पानावर शाईने ठसठशीत लिहिलेले, खाली ‘वाचून परत करावे’. अशी प्रत शेवटी फाटते, आणि ती फाटली याचा अर्थ तिने आपले काम चोख केले. पण म्हणूनच छोट्या गावातून एखादी धड प्रत निघाली तर तिचे मोल जाणकार वेगळेच धरतात.

अमेरिकेतही कॉमिक्स अशीच नाहीशी झाली होती. दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि मुलांनी आपली कॉमिक्स देशासाठी देऊन टाकली. युद्धानंतर काही गावांत त्यांच्या होळ्या झाल्या. 1954 मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचे पुस्तक आले आणि कॉमिक्स मुलांना बिघडवतात ही समजूत घरोघर पोचली. सुपरमॅनला जगासमोर आणणारा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा जून 1938 मधला पहिला अंक दहा सेंटला विकला गेला होता. त्याची एक प्रत एप्रिल 2024 मध्ये लिलावात 60 लाख डॉलरला गेली.

ती प्रत दहापैकी 8.5 गुणांची होती. हे गुण देण्याची पद्धत आली कुठून, याची हकिकत सरळ नाण्यांकडे जाते. 1949 मध्ये विल्यम शेल्डन या अमेरिकी संग्राहकाने जुन्या सेंटच्या नाण्यांसाठी 1 ते 70 असे माप बसवले. पार झिजलेल्या नाण्याचा 1, निष्कलंक नाण्याचे 70. टेनेसीतल्या रॉबर्ट ओव्हरस्ट्रीटला नाण्यांचा नाद होता. नाण्यांचे भाव सांगणारे वार्षिक पुस्तक असते तर कॉमिक्सचे का नसावे, या विचाराने त्याने 1970 मध्ये आपली पहिली भावसूची काढली. तिच्यात गुण नव्हते. गुड, फाइन, मिंट असे शब्द होते आणि प्रत्येकापुढे वेगळा भाव. शब्दांवर भांडणे होतात, कारण विकणाऱ्याचे ‘फाइन’ घेणाऱ्याच्या लेखी ‘गुड’ असते. म्हणून पुढे आकडे आले, आधी शंभरांत, मग दहांत. 2000 साली सीजीसी ही कंपनी सुरू झाली. ती घेणारीही नाही आणि विकणारीही नाही. फक्त अंक तपासते, अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देते आणि प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद करून परत पाठवते. कडा छाटलेल्या असतील किंवा रंग भरून दुरुस्ती केली असेल तर पेटीवरची पट्टी निळ्याऐवजी जांभळी लागते, आणि जांभळी पट्टी लागली की भाव कोसळतो.

हे माप मराठी अंकाला लावून पाहिले की त्याच्या मर्यादा कळतात.

समजा, टेबलावर सत्तरीतला एक मराठी इंद्रजाल ठेवला आहे. जाणता माणूस तो लगेच उघडत नाही. आधी घडीची कड बघतो: तिथे आडव्या बारीक रेघा उमटल्या असतील तर अंक उलटा मुडपून वाचला गेला आहे. मग दोन्ही पिना. त्या गंजल्या असतील तर गंज भोवतीच्या कागदात उतरतो आणि मधले पान हळूच सुटते, म्हणून मधला जोड आहे ना, हे तो पाने मोजून पाहतो. कोपरे गोल झालेत का? कोड्याची उत्तरे पेन्सिलीने लिहिलीत की शाईने? कुपन कापले आहे का? कापलेल्या कुपनामागे गोष्टीची चौकट गेली असेल तर अंक ‘रीडिंग कॉपी’त, म्हणजे फक्त वाचण्याजोग्या प्रतींत, जमा. शेवटी तो पान नाकाशी नेतो. लगद्याच्या स्वस्त कागदात लिग्निन असते. हवा आणि प्रकाश लागून त्याचे आम्ल होते, पान तपकिरी पडते आणि कडा बोटांत चुरतात. कोकण-मुंबईच्या दमट हवेतल्या प्रतीला बुरशीचा वास येतो, पिना लवकर गंजतात. परभणीकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तिथल्या पत्र्याखालच्या प्रतीला बुरशी कमी, पण कागद पापडासारखा ठिसूळ. वाळवी आणि कसर दोन्हीकडे.

मुख्य प्रश्न बाईंडिंगचा. भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये दहा-बारा अंक एकत्र शिवून पुठ्ठा घालत, वरून-खालून कडा छाटत, आणि पुष्कळदा आतली कव्हरे काढून टाकत. घरोघरही हौसेने असे खंड केले जात. अमेरिकी मापाने हे सगळे अंक जवळपास बाद. पण याच बाईंडिंगने ते रद्दीपासून वाचवले. सुटे अंक गेले, शिवलेले राहिले. त्यामुळे इथल्या बाजारात ‘बाईंड’ आणि ‘सुटा’, ‘कव्हरसह’ आणि ‘कव्हरविना’ असे वेगळे वर्ग पडले आहेत, आणि तेच बरोबर आहे. वाचनालयाचा शिक्का असलेली प्रत तिकडे डागी ठरते. इकडे तो शिक्का अंक कुठल्या गावात, कोणत्या काळात वाचला गेला याचा पुरावा असतो. शिक्क्याबद्दल गुण कापू नयेत. कापायचेच असतील तर रंगीत झेरॉक्सचे कव्हर चिकटवून ‘ओरिजनल’ म्हणून विकणाऱ्याचे कापावेत. असे कव्हर ओळखता येते: जुन्या छपाईत भिंगाखाली रंगांचे सुटे ठिपके दिसतात, कागदही आतल्या पानांच्या वयाशी जुळतो.

अमर चित्र कथेचा हिशोब आणखी निराळा. अनंत पै टाइम्समध्ये असताना इंद्रजालचे काम पाहिलेले गृहस्थ. 1967 मध्ये इंडिया बुक हाउसच्या साथीने त्यांनी ही मालिका उभी केली. पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे, त्यामुळे ‘कृष्ण’ हा अंक 11 ठरला. त्याची चित्रे राम वाईरकरांची. प्रताप मुळीक, दिलीप कदम हे इतर मराठी चित्रकारही या मालिकेचे खांब. इंद्रजालचा अंक एकदाच छापला जाई, तर अमर चित्र कथा पुनःपुन्हा छापली गेली आणि पुढे ‘कृष्ण’चा क्रमांक 11 वरून 501 झाला. म्हणून इथे नुसते जुनेपण पुरत नाही. कव्हरवरची किंमत, मालिकेतला क्रमांक, आतला प्रकाशकाचा पत्ता हे तिन्ही जुळले तरच पहिली आवृत्ती मानायची. पिवळा, निळा आणि हिरवा एवढ्याच रंगांतली आरंभीची पाने दिसली तर खात्री वाढते.

चित्रांतून गोष्ट सांगणे गोदाकाठाला नवे नाही. सोनपेठच्या वरच्या अंगाला, गोदावरीवर, पैठण. तिथे सापडलेल्या चित्रकथींच्या पोथ्या म्हणजे रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेले सुटे कागद, दोन दोन पाठीला पाठ चिकटवलेले. कथेकरी एकेक पान समोर धरून आख्यान लावत असे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी चित्रे आज पाहता येतात. पण कित्येक पोथ्या पानापानाने विकल्या गेल्या, एक पान एका शहरात आणि दुसरे परदेशात. विकताना कोणत्या पोथीतले कितवे पान याची नोंद न केल्याने आख्यान तुटले ते तुटलेच.

मराठी इंद्रजालचे तसे होऊ नये. इंग्रजी अंक शहरांतल्या घरांतून त्या मानाने बरे जपले गेले, आणि घेणारेही आधी त्यांनाच विचारतात. मराठी अंक गावोगाव हातोहाती संपले. बालभारतीने 1971 पासूनच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर वाचायला खुले केले, मराठी वेताळासाठी असे काम व्हायचे तर ते घराघरांतूनच सुरू होईल. तेव्हा माळ्यावरची पेटी उघडलीत तर गठ्ठा किलोवर घालण्याआधी एक वही घ्या आणि प्रत्येक अंकाचा खंड, क्रमांक, किंमत, भाषा आणि पाने पुरी आहेत की नाहीत एवढे लिहून काढा. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक पिवळा पडून कागद खातो. घट्ट बसलेल्या पिना उपटू नका. बाईंडिंग उसवून अंक सुटे करू नका. विकायचेच असतील तर पूर्ण संच एकाच माणसाला द्या, आणि यादीची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.