जमा आणि हासिल : औरंगाबादच्या दिवाणाची जमाबंदी

एखाद्या संस्थेचें नियामक मंडळ, नगरपालिकेची समिति किंवा प्रांताचा कारभार पाहणारी अधिकारी मंडळी यांनीं वर्षभरांत काय साधावें हें आधीं आंकड्यांत सांगून ठेवावें आणि वर्षअखेर तोच आंकडा त्यांच्यापुढें धरावा, ही रीत अलीकडची व पाश्चात्यांकडून आलेली आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती फारशी खरी नाहीं. सतराव्या शतकाच्या मध्यास औरंगाबादेंत, म्हणजे २०२३ पासून ज्या शहराला छत्रपती संभाजीनगर हें नांव मिळालें आहे त्या शहरांत, हाच प्रश्न एका बादशहाला, त्याच्या मुलाला आणि एका दिवाणाला चांगलाच भेडसावीत होता. आंकडा ठरविणें सोपें असतें. तो कशावरून ठरला, हें विचारलें कीं अडचणींना सुरुवात होते.

मोंगली दफ्तरांत दोन शब्द नेहमीं जोडीनें येत. एक ‘जमा’ आणि दुसरा ‘हासिल’. जमा म्हणजे परगण्याकडून किंवा सुभ्याकडून इतकें यावें असा सरकारनें लावलेला आकार. हासिल म्हणजे प्रत्यक्षांत हातीं पडलेला वसूल. एक उद्दिष्ट, दुसरें फळ. मनसबदारांचे पगार व त्यांना तोडून दिलेल्या जागिरी यांचा सारा हिशेब जमेवर चाले. घोडेस्वारांचीं पोटें मात्र हासिलावर भरत.

निजामशाही १६३६ सालीं संपली आणि दख्खनचे चार मोंगली सुभे झाले : खानदेश, वऱ्हाड, तेलंगण व दौलताबाद. त्या वेळीं दरबारच्या इतिहासकारानें या चार सुभ्यांची जमा दोन अब्ज दाम म्हणून नोंदविली आहे. चाळीस दामांचा रुपया या हिशेबानें ती पांच कोटि रुपये होते. आंकडा भव्य आहे, पण १६३० ते १६३२ या काळांत याच भूमीवरून भयंकर दुष्काळ गेला होता. गांवेंच्या गांवें ओस पडलीं होतीं. १६३३ मध्यें दौलताबादचा वेढा झाला आणि मागोमाग तीन वर्षें लढाई चालूच होती. अशा मुलुखावर पांच कोटींचा आकार लावतांना कोणी शेत मोजलें नव्हतें, पीक पाहिलें नव्हतें. जिंकलेल्या राज्याची शोभा म्हणून जो आंकडा असावा, तोच कारभाऱ्यांच्या माथ्यावर उद्दिष्ट म्हणून बसला.

पुढें काय झालें हें आंकडेच सांगतात. यदुनाथ सरकारांनीं दिलेल्या हिशेबाप्रमाणें १६५२ च्या सुमारास दख्खनची जमा ३ कोटि ६२ लक्ष रुपयांवर उतरली होती, आणि वसूल होता अवघा १ कोटि. खर्च उत्पन्नाहून वर्षाला २० लक्ष ३६ हजारांनीं जास्त; ही तूट किल्ल्यांतील खजिन्याच्या शिलकेंतून भरून काढावी लागे. मधल्या काळांत सुभेदारही वरचेवर बदलत गेले. ज्याला पुढल्या वर्षीं आपण येथें असूं कीं नाहीं याची खात्री नाहीं, त्यानें विहिरी खणण्यास पैसा कशाला द्यावा ?

खोट्या आंकड्याबरोबर राहण्याची मोंगलांची युक्ति मोठी मासलेवाईक होती. त्यांनीं जमा खोडली नाहीं. तिला महिन्यांचें माप लावलें. ज्या जागिरीचा वसूल जमेच्या निम्मा येई ती ‘शशमाहा’, म्हणजे बारांपैकीं सहा महिन्यांची. तिसरा हिस्सा येई ती चार महिन्यांची. जागीरदारानें किती घोडेस्वार बाळगावे, हेंही मग त्या महिन्यांप्रमाणें कमी करण्यांत येई. कागदावर पांच हजारी सरदार पांच हजारीच राही, पण त्याचें सैन्य आक्रसत जाई. उद्दिष्ट गांठलें जात नाहीं हें सर्वांना ठाऊक, आणि तें बदलण्याची कोणालाच इच्छा नाहीं, असा हा प्रकार. हल्लींच्या कांहीं मंडळांच्या वार्षिक अहवालांत याचे वंशज सांपडतील.

१६५३ सालीं शाहजादा औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि मलिक अंबरानें १६१० मध्यें वसविलेल्या खडकीला त्यानें आपलें नांव दिलें. बापाचीं पत्रें त्याच्या मागोमाग येतच होतीं. शेती वाढवा, वसूल वाढवा, आणि अजून कां वाढला नाहीं, असा शहाजहानचा तगादा असे. वर्षानुवर्षें उजाड झालेला मुलूख दोन-तीन वर्षांत भरभराटीस येत नसतो, असें मुलाचें उत्तर. बापलेकांमधला अविश्वास इतका, कीं बऱ्हाणपुरांतील ‘बादशहापसंत’ नांवाच्या झाडाचे आंबे शाहजाद्यानें स्वतःच खाल्ले, असाही आरोप दिल्लीहून झाला. आंब्याची गोष्ट क्षुल्लक खरी. परंतु मोजमापाचा आधार नसला म्हणजे वरिष्ठाजवळ संशयावांचून दुसरें साधन उरत नाहीं, हें तिच्यावरून चांगलें कळतें.

हें मोजमाप देणारा माणूस मुर्शिद कुलीखान. (बंगालचा मुर्शिद कुलीखान निराळा, तो पुढच्या पिढीचा.) हा मूळचा खुरासानचा. कंदाहारचा इराणी सुभेदार अली मर्दानखान १६३८ सालीं मोंगलांना येऊन मिळाला, त्याच्याबरोबर हा हिंदुस्थानांत आला. औरंगजेबानें त्याला आधीं बालाघाटची दिवाणी दिली, आणि १६५६ मध्यें साऱ्या दख्खनची.

तोंवर येथील बहुतेक भागांत वहिवाट अशी होती, कीं एक नांगर व एक बैलजोडी यांनीं शेतकऱ्यानें जमेल तेवढी जमीन करावी, हवें तें पीक घ्यावें, आणि नांगरामागें ठराविक रक्कम द्यावी. ही रक्कम गांवोगांव निराळी आणि अंमलदाराच्या मर्जीवर अवलंबून असे. दिवाणानें शहाणे आमीन व प्रामाणिक मोजणीदार परगण्यांत पाठविले. नांगराखालची जमीन कोणती, खडकाळ कोणती, ओढ्यानाल्यांची कोणती, हें त्यांनीं वेगवेगळें लिहून काढावयाचें. न्यायांत कसूर होऊं नये म्हणून हा दिवाण कित्येकदां मोजणीच्या दोरीचें एक टोंक स्वतःच्या हातांत धरी, असें सांगतात. साऱ्या दख्खनच्या जमाखर्चाचा धनी शेताच्या बांधावर दोरी धरून उभा राहतो, हा देखावा त्या काळच्या कारभारांत दुर्मिळच म्हटला पाहिजे.

त्यानें एकच नियम सर्वत्र लादला नाहीं, यांत त्याचें शहाणपण दिसतें. मागासलेल्या भागांत नांगरावरची जुनी पद्धत त्यानें राहूं दिली. कोठें बटाई लावली, म्हणजे पिकाची वांटणी. आणि कोठें तोडरमल्लानें उत्तरेंत घालून दिलेल्या वाटेनें जरिबेची मोजणी करून, पेरलेलें क्षेत्र, पीक व बाजारभाव पाहून, बिघ्यास दर बांधून दिला. बटाईंतही पाण्याप्रमाणें भेद केला. पावसावरच्या पिकाचा निम्मा भाग सरकारचा. विहिरीवरच्या धान्याचा तिसरा. आणि द्राक्षें, ऊंस, केळीं अशा मेहनतीच्या बागाइताचा नवव्या हिश्शापासून चौथ्यापर्यंत. पाटाच्या पाण्याचा दर कधीं विहिरीहून चढता, कधीं उतरता. विहिरीच्या पाण्यामागें बैल, मोट आणि रात्रींचीं जागरणें असतात. त्यांचा हिशेब या अपूर्णांकांत धरलेला आहे.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे आकाराबरोबर त्यानें साधनेंही दिलीं. ज्या गांवाला पाटील उरला नव्हता तेथें, लागवड वाढवील व रयतेशीं मायेनें वागेल अशा घराण्यांतला माणूस पाहून त्यानें नवा नेमला. बैल, बीं-बियाणें व इतर सामानासाठीं गरीब रयतेला खजिन्यांतून तगाई दिली आणि ती सुगीला हप्त्यांनीं परत घेतली. जो वसूल मागावयाचा तो पिकावा कसा, याची जबाबदारी मागणाऱ्यानें अशी थोडी तरी आपल्याकडे घेतली.

म्हणून ही जमाबंदी रयतेला हलकी होती असें समजूं नये. पावसावर जगणाऱ्या मराठवाड्याच्या शेतकऱ्याकडून पिकाचा निम्मा भाग घेणें ही जबर आकारणी आहे. मलिक अंबरानें उत्पन्नाचा दोन पंचमांश भाग घेऊन पुढें त्याचें रोकड रकमेंत रूपांतर केलें, अशी परंपरा ग्रँट डफनें नमूद केली आहे. शिवाजीमहाराजांच्या राज्यांतही पाहणी होऊन पांच भागांपैकीं दोन सरकारनें घ्यावे असें ठरल्याचें सभासद लिहितो. त्या मानानें दिवाणाचा हिस्सा भारी. पण तो रयतेला आधीं ठाऊक होता, आणि पीक बुडालें तर वांटणींत सरकारचाही भाग बुडत होता. पूर्वीची मागणी भारी तर होतीच, शिवाय तिला ठावठिकाणा नव्हता.

परिणाम काय झाला ? बऱ्हाणपूरचा भीमसेन सक्सेना लिहितो, कीं १६५८ सालीं औरंगाबादेभोंवतीं पडीक जमिनीचा तुकडा दिसत नव्हता. गहूं व डाळ रुपयास अडीच मण, ज्वारी-बाजरी साडेतीन मण आणि तूप चार शेर मिळत होतें. भीमसेन त्या वर्षीं नऊ वर्षांचा होता, तेव्हां ही बरीचशी बालपणाची गोड आठवण असणार. स्वस्ताईचा पुरावाही दुधारी असतो. शहरांतल्या घराला ती सुखाची. पण बिघ्याप्रमाणें रोकड भरणाऱ्या कुणब्याला तेवढ्याच रुपयासाठीं अधिक पोतीं विकावीं लागलीं असतील. तरीही पडीक जमीन लागवडीस आली ही गोष्ट लहान नव्हे, आणि बांधावर जाऊन ती कोणालाही तपासतां येण्यासारखी होती.

दिवाणाला स्वतःच्या कामाचें फळ फार दिवस पाहतां आलें नाहीं. वारसायुद्धांत तो औरंगजेबाबरोबर उत्तरेस गेला आणि १६५८ च्या एप्रिलांत धर्मतच्या रणांगणावर पडला. ‘मुर्शिद कुलीखानाचा धारा’ हें नांव दख्खनमध्यें पुढें कित्येक पिढ्या चालत राहिलें.

औरंगजेब बादशहा होऊन १६८२ मध्यें औरंगाबादेस परत आला तो मोजणीदार घेऊन नव्हे, तर फौज घेऊन. विजापूर व गोवळकोंडा बुडाल्यावर नव्या मुलुखाच्या जमा कागदावर चढल्या, नवे मनसबदार नेमले गेले, आणि त्यांना देण्यास प्रत्यक्ष वसुलाच्या जागिरी पुरेनात. लहानपणच्या स्वस्ताईची आठवण लिहिणारा भीमसेन आतां प्रौढपणीं छावणीबरोबर फिरत होता. त्याच्याच ग्रंथांत या काळाची तक्रार आहे : पुढील वर्षीं जागीर आपल्याकडे राहील याचा भरंवसा नसल्यामुळें जागीरदारांच्या कारकुनांनीं रयतेला साह्य करणें सोडून दिलें, आणि हातीं लागेल तेवढें ते जुलमानें काढून घेऊं लागले.